फळ्यावर न लिहिलेली नावं

बाई ऑफिसात गेल्या की मॉनिटर खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहायचा. उजव्या कोपऱ्यात 'बोलणारी मुले' असं मोठ्या अक्षरांत लिहायचं, खाली रेघ ओढायची आणि मग एकेक नाव. पुन्हा बोललं की नावापुढे फुली, तिसऱ्यांदा बोललं की आणखी एक. महाराष्ट्रातल्या कितीतरी वर्गांमध्ये असा कोपरा होता, आमच्याही होता. त्याच दहा मिनिटांत कुणी नव्याने आलेल्या मुलाला कितवं पान चाललंय ते बोटाने दाखवलं असेल. कुणी आपलं खोडरबर अर्धं तोडून शेजारणीला दिलं असेल. कुणी मारायला उचललेला हात खाली घेतला असेल. त्यांची नावं लिहायला फळ्यावर जागा नव्हती.

शाळेतल्या मुलांच्या चांगल्या वागण्यावर माहितीपट करायचं कुणी ठरवलं, तर पहिल्याच दिवशी हीच अडचण समोर येते. भांडण दिसतं, आरडाओरडा ऐकू येतो, फुटलेली काच दाखवता येते. खाली घेतलेला हात कसा दाखवायचा? जे घडता घडता राहिलं, त्याचं चित्रण कसं करायचं? गेली काही वर्षं मी असे माहितीपट शोधून शोधून बघते आहे. ज्यांना ते जमलं त्या सगळ्यांनी एकच गोष्ट केली आहे: ते थांबले. दिवसचे दिवस, महिनेच्या महिने त्या वर्गात बसून राहिले. आणि मला यातलं सगळ्यात मोठं नवल वाटतं ते हे, की वर्गातला चांगला शिक्षकही नेमकं तेच करत असतो.

थांबून बघण्यात असं काय आहे? आधी एक प्रयोग सांगते. तो माहितीपटातला नाही, पण माहितीपट करणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

१९६८च्या सुमारास अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातले वेस्ली बेकर आणि त्यांचे सहकारी शाळेच्या वर्गांमध्ये मागे बसून मुलांच्या वागण्याची मोजदाद करत होते. त्यातला एक वर्ग पहिलीचा होता. मुलं ४८, शिकवायला दोन शिक्षिका. मुलं सारखी जागेवरून उठत होती आणि शिक्षिका 'खाली बसा' म्हणत होत्या. निरीक्षकांनी किती मुलं उठतात ते मोजलं आणि शिक्षिकांना सांगितलं, आता हेच जास्त वेळा म्हणा. त्यांनी ते जवळपास तिप्पट वेळा म्हटलं. आणि उठणारी मुलं वाढली!

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ नुसती बसून राहिले. कारण 'खाली बस' म्हटल्यावर मूल खाली बसतंच. शिक्षिकेच्या डोळ्यांसमोर तिचा उपाय दर वेळी लागू पडतो. म्हणून ती पुन्हा म्हणते, पुन्हा मूल बसतं, पुन्हा लागू पडतो. पण तासाभराची बेरीज केली की कळतं, बाईंचं लक्ष हवं असेल तर उभं राहायचं, एवढंच त्या वर्गात मुलांना शिकवलं जात होतं. मग शिक्षिका बसून काम करणाऱ्या मुलांचं नाव घेऊन कौतुक करू लागल्या, आणि उठणं कमी झालं. एका क्षणाला जे खरं दिसतं ते तासाभराच्या हिशेबात उलटं निघू शकतं. शिक्षिकेला तो हिशेब करायला उसंत नसते. मागे बसलेल्या माणसाला असते, आणि कॅमेऱ्याला असते.

याच मंडळींनी त्याच सुमारास आणखी एक गोष्ट मांडली. वर्गाचे नियम नुसते सांगून किंवा लिहून ठेवून मुलांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो छोट्या खोड्यांकडे काणाडोळा करून, त्याच मुलाची चांगली गोष्ट दिसताक्षणी तिची दखल घेतल्यावर. दखल घ्यायची तर ती गोष्ट आधी दिसायला हवी. सारा प्रश्न दिसण्याचा आहे, आणि म्हणूनच मला हा विषय शिक्षणाचा जितका वाटतो तितकाच सिनेमाचाही वाटतो.

आता जपानला जाऊ या. तोक्योतली शाळा म्हटलं की मराठी वाचकाला 'तोत्तोचान' हे पुस्तक आठवतं, आणि नव्या मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेणारे तिचे मुख्याध्यापक कोबायाशी आठवतात. त्यांची तोमोए शाळा १९४५मध्ये बॉम्बहल्ल्यात जळाली. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९५४ साली, त्याच तोक्योत सुसुमु हानी नावाचा पंचविशीतला तरुण एका वर्गात कॅमेरा घेऊन शिरला. जपानच्या शिक्षण मंत्रालयाला शिक्षकांसाठी एक फिल्म हवी होती. वर्गातल्या ज्या मुलांना 'अवघड' म्हटलं जातं त्यांना समजून कसं घ्यावं, हा तिचा विषय. बेत असा होता, की अभिनय करू शकणारी मुलं निवडायची आणि त्यांच्याकडून 'अवघड मूल' वठवून घ्यायचं. त्या काळात माहितीपट बहुधा असेच होत. कॅमेरे जड आणि घरघर करणारे, फिल्म महाग. खरं मूल काय करेल याचा भरवसा नाही, तेव्हा आधी लिहायचं आणि मग करवून घ्यायचं.

हानीने बेत बदलला. खऱ्या वर्गात, खऱ्या मुलांसमोर, कॅमेरा न लपवता ठेवायचा असं त्याने ठरवलं. सगळ्यांना वाटलं, मुलं कॅमेऱ्याकडेच बघत बसतील. ती बसलीही, पण थोडेच दिवस. मग विसरली.

का विसरली? हा प्रश्न मला फार आवडतो. मोठ्या माणसासमोर कॅमेरा धरला की तो केस सावरतो आणि शेवटपर्यंत सावरतच राहतो. सात वर्षांच्या मुलाला आपण कसे दिसतो यापेक्षा शेजारच्याच्या कंपासपेटीत काय आहे ते जास्त महत्त्वाचं असतं. वर्ग ही त्याच्यासाठी भरगच्च जागा आहे. तिथे मैत्री जुळते आणि तुटते, उत्तर येत असतं पण हात वर करायचं धाडस होत नाही, डबा खायच्या सुट्टीला अजून किती वेळ आहे याची काळजी असते. एवढ्या गर्दीत कोपऱ्यातल्या यंत्राला कोण विचारतो? अट एकच, यंत्रामागच्या माणसाने आपल्याकडे लक्ष ओढून घ्यायचं नाही. मूल बघतं, बघणारा हसून दाद देत नाही आणि रागावतही नाही, मूल पुन्हा आपल्या वहीकडे वळतं. काणाडोळ्याचा जो नियम बेकर यांनी चौदा वर्षांनी मांडला, तो हानीच्या कॅमेऱ्याने आधीच पाळला होता.

'वर्गातली मुलं' ही त्याची फिल्म अर्ध्या तासाच्या आसपासची आहे. पुढे १९५६मध्ये त्याने चित्रं काढणाऱ्या मुलांवर फिल्म केली. तिच्यात वर्ग कृष्णधवल आहे आणि मुलांनी काढलेली चित्रं तेवढी रंगीत. त्याने या अनुभवावर पुस्तकही लिहिलं. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ होतो 'अभिनय न करणारे नायक'. हानीची आजी मोतोको हानी, जपानच्या पहिल्या महिला पत्रकारांपैकी एक, हिने १९२१मध्ये तोक्योत 'जियू गाकुएन' म्हणजे 'मुक्त शाळा' काढली होती. तिथे स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामं विद्यार्थीच करत. त्याच घरातला आणि त्याच शाळेतला हा मुलगा. मुलांवर भरवसा ठेवायचा हे त्याने कॅमेऱ्याच्या शाळेत शिकण्याआधीच घरी पाहिलं होतं.

'वर्गातली मुलं'नंतर सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांनी फ्रान्समध्ये निकोला फिलिबेर यांनी अशीच एक शाळा निवडली. ओव्हेर्न्य भागातल्या सेंत-एतिएन-स्युर-उसाँ या खेड्यातली एका खोलीची, एकशिक्षकी शाळा. चार वर्षांच्या चिमुरड्यांपासून दहा-अकरा वर्षांच्या मुलांपर्यंत सगळे मिळून तेरा विद्यार्थी आणि शिक्षक जॉर्ज लोपेझ. डिसेंबर २०००पासून जून २००१पर्यंत अधूनमधून मिळून सुमारे दहा आठवडे चित्रीकरण झालं. आपल्याकडच्या वस्तीशाळा किंवा द्विशिक्षकी शाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही फिल्म बघताना आपल्या गावात बसल्यासारखं वाटेल. सुरुवातीलाच बाहेर बर्फाचं वादळ आहे, आणि आत रिकाम्या वर्गाच्या जमिनीवरून दोन कासवं सावकाश चालली आहेत. पुढचे पावणेदोन तास याच चालीने जायचे आहेत, हे दिग्दर्शक एकही शब्द न बोलता सांगून टाकतो.

त्यात एक छोटा मुलगा आहे. चित्र रंगवून पुरं करायचं आणि मग सुट्टीत खेळायला जायचं, असं सकाळी ठरलं होतं. चित्र राहिलं आहे, बाहेर बाकीची मुलं खेळताहेत. लोपेझ आवाज चढवत नाहीत. काय ठरलं होतं एवढंच त्याला विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. दुसऱ्या प्रसंगात दोन मोठ्या मुलांची मारामारी झालेली आहे. लोपेझ दोघांना शेजारी बसवतात आणि बोलतं करतात. मुलांच्या माना खाली. लांबच लांब शांतता. दुसरा कुणी संकलक असता तर ती शांतता कापून टाकली असती. फिलिबेर ठेवतात, कारण पश्चात्ताप तिथेच घडतो आहे, दोन वाक्यांच्या मधे.

इथे ध्वनीचं एक गुपित सांगायला हवं. १९७०मध्ये डॅनियल ओलिअरी आणि सहकाऱ्यांनी वर्गातल्या रागावण्याचा अभ्यास केला. अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं रागावणं आणि फक्त त्या मुलालाच ऐकू जाईल असं जवळ जाऊन हळू सांगणं, या दोन्हींची त्यांनी तुलना केली. शिक्षकांनी हळू सांगायला सुरुवात केली की बहुतेक मुलांचा दंगा कमी झाला. पुन्हा मोठ्याने रागावू लागले, दंगा पुन्हा वाढला. म्हणजे वर्गातलं सगळ्यात गुणकारी वाक्य हे सगळ्यात हळू उच्चारलेलं वाक्य असतं. ते वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांना ऐकू येत नाही. तपासणीला आलेल्या साहेबांना ऐकू येत नाही. मागच्या भिंतीशी उभ्या केलेल्या कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनलाही येत नाही. शिक्षकाच्या कॉलरला बिनतारी मायक्रोफोन लावला तरच येतं. शाळेवरचे माहितीपट करणारे ध्वनीमागे एवढे का लागतात, ते मला या अभ्यासामुळे उमगलं. तो मटाराएवढा मायक्रोफोन नसता तर आपल्याला चांगल्या शिक्षकांचं फक्त वाकणं दिसलं असतं. ते वाकून काय म्हणतात ते कधीच कळलं नसतं.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या फिल्मकडे येते.

एमा रायन यामाझाकी हिची आई जपानी, वडील ब्रिटिश. ती ओसाकात वाढली, तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकली आणि पुढे सिनेमा शिकायला न्यूयॉर्कला गेली. आपल्यातलं काय काय त्या प्राथमिक शाळेने घडवलं, हा प्रश्न घेऊन ती परत आली. तोक्योतल्या सेतागाया भागातली जवळपास हजार मुलांची एक सरकारी शाळा तिने निवडली आणि एप्रिल २०२१ ते मार्च २०२२ हे अख्खं शालेय वर्ष तिथे काढलं. चित्रीकरणाचे दिवस १५०. चित्रीकरण ७०० तास. त्यातून झालेली 'द मेकिंग ऑफ अ जपानीज' ही फिल्म आहे ९९ मिनिटांची. हिशेब केला तर पडद्यावरच्या एका मिनिटासाठी सव्वाचारशे मिनिटं टिपलेली आहेत. ते मिनिट कधी येणार ते आधी कळत नाही, म्हणून बाकीची मिनिटं तिथे हजर राहायचं.

जपानी शाळेत गणित-भाषेइतक्याच गांभीर्याने 'तोक्कात्सु' चालतं. शब्दशः अर्थ 'विशेष उपक्रम', पण ते स्नेहसंमेलनापुरतं नाही. रोजचा वर्ग झाडणं-पुसणं, पांढरे डगले आणि टोप्या घालून एकमेकांना जेवण वाढणं, आळीपाळीने दिवसाचा प्रमुख होणं, वर्गसभेत बसून अडचणी सोडवणं हे सगळं त्यात येतं. दारातल्या खणांमध्ये बूट नीट जोडीने ठेवलेत का, हेदेखील मुलंच तपासतात. वर्गाची एवढी कामं मुलांच्या हातात असल्यामुळे चांगलं वागणं हे अमूर्त राहत नाही. त्याला बादली असते, फडकं असतं, आमटीचा डाव असतो. कॅमेऱ्यासाठी ही पर्वणीच. इजिप्तने तर २०१६मध्ये जपानशी करार करून हीच पद्धत आपल्या शाळांमध्ये आणली.

याच चित्रीकरणातून यामाझाकीने एक छोटा माहितीपट वेगळा काढला, 'इन्स्ट्रुमेंट्स ऑफ अ बीटिंग हार्ट'. जेमतेम २३ मिनिटांचा. २०२५च्या ऑस्करसाठी त्याला लघु माहितीपटांच्या विभागात नामांकन मिळालं. गोष्ट इतकीशी आहे. पहिलीचं वर्ष संपतं आहे. एप्रिलमध्ये नवी पहिली येईल, तिच्या स्वागताला ही मुलं बेथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीतलं आनंदगान वाजवणार आहेत. वाद्यं ठरलेली, वाजवणारे निवडून घ्यायचे. एका मुलीला मोठा ढोल हवा आहे. निवड होत नाही. ती रडते. मग झांजांसाठी पुन्हा नाव देते आणि या वेळी निवडली जाते. आपल्याला वाटतं, संपली गोष्ट, झालं भलं.

पण कॅमेरा अजून तिथेच आहे. निवड झाल्यावर तिचा सराव ढिला पडतो. सगळ्यांच्या तालमीत ती चुकते, आणि संगीताचे शिक्षक सगळ्यांसमोर तिला विचारतात, सराव केला होतास का? बाकीच्यांनी केला आहे. ती पुन्हा रडते, या वेळी वेगळं रडते. पुढच्या तालमीला जायचे तिचे पाय उचलत नाहीत. तेव्हा वर्गशिक्षिका तिच्याशेजारी खाली बसतात, तिचं ऐकतात, आणि तिच्यासोबत चालत तालमीच्या खोलीपर्यंत जातात. सहा-सात वर्षांच्या पोरीने झांजेवर झांज योग्य क्षणी मारली, एवढीच घटना. तरी मी श्वास रोखून बघत होते. ते एक 'झण्ण' होण्याआधी काय काय झालं होतं, ते सगळं मला माहीत होतं ना!

त्या संगीत शिक्षकांचं वागणं मला पूर्णपणे पटलं नाही, हे इथे नोंदवते. ओलिअरींचा अभ्यास आठवतो आणि वाटतं, हे तिच्याजवळ जाऊन हळू सांगता आलं असतं. पण ते दृश्य फिल्ममध्ये ठेवल्याबद्दल दिग्दर्शिकेचे आभार मानायला हवेत. चांगल्या वागणुकीवरच्या माहितीपटात सगळेच गोड बोलू लागले की ती जाहिरात होते. समूहाच्या बळावर मुलं उभी राहतात, आणि समूहाच्या डोळ्यांचं ओझंही मुलांच्या पाठीवर येतं. दोन्ही खरं आहे.

हे ओझं आपल्या फळ्यावरच्या फुल्यांपर्यंत पोचतं. १९६९मध्ये अमेरिकेतल्या चौथीच्या एका वर्गात बॅरिश, सॉन्डर्स आणि वुल्फ यांनी अगदी आपल्या मॉनिटरसारखाच फळा वापरला. फक्त खाली माणसाचं नाव नव्हतं. २४ मुलांचे दोन संघ केले. कुणी नियम मोडला की त्याच्या संघापुढे खूण. ज्यांच्या खुणा कमी तो संघ जिंकला, आणि दोघांच्याही पाचाहून जास्त नसतील तर दोघंही जिंकले! बक्षीस काय, तर जेवायला रांगेत पुढे जायचं, दिवसाच्या शेवटी अर्धा तास मोकळा. गणिताच्या तासाला मध्येच बोलणं ९६ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं, जागेवरून उठणं ८२वरून ९वर. खेळ थांबवला की दंगा परत, सुरू केला की शांतता परत. तीच खूण, तोच खडू. दोघंही जिंकू शकतात एवढी एक अट घातली आणि शेजारच्याला फुली मिळावी असं वाटायचं कारणच उरलं नाही. दोन मुलं मात्र खेळायला तयार होईनात. त्यांना संघातून वेगळं काढावं लागलं, नाहीतर त्यांच्या खुणांचं खापर अख्ख्या संघावर फुटलं असतं. मला त्या दोन मुलांची फिल्म बघायला आवडली असती.

तशी एक फिल्म जपानमध्येच झालेली आहे. कानाझावा शहरातले शिक्षक तोशिरो कानामोरी यांच्या चौथीच्या ३५ मुलांच्या वर्गात एनएचके या जपानी प्रसारण संस्थेचा चमू वर्षभर जाऊन बसला. २००३मध्ये हा माहितीपट प्रसारित झाला, इंग्रजीत तो 'चिल्ड्रन फुल ऑफ लाइफ' म्हणून ओळखला जातो. कानामोरींच्या वर्गात रोज तीन मुलं आपल्या मनातलं वहीत लिहून आणत आणि सगळ्यांसमोर वाचत. घरात कुणी गेलं, कुणाचा राग आला, कुणाला आपण छळलं, सगळं त्या वहीत येई.

या वर्गाने शाळेच्या तरणतलावासाठी तराफे बांधले. ज्या दिवशी ते पाण्यात सोडायचे, त्याच्या आधी एक मुलगा वर्गात नको तेव्हा बोलत राहिला. कानामोरींनी शिक्षा सुनावली, तू तराफ्यावर बसायचं नाहीस. वर्ग गप्प झाला. आणि मग एक मित्र उभा राहिला. त्याने सरांना सांगितलं, ही शिक्षा बरोबर नाही. बोलणं आणि तराफा यांचा संबंध काय? आम्ही सगळ्यांनी मिळून तो बांधला आहे. सर ऐकेनात. मुलगा खाली बसेना. आवाज थरथरतोय, डोळे भरलेत, पण मुद्दा सोडत नाही. दुसरी मुलं एकेक करून त्याच्या बाजूने उभी राहिली. अखेर कानामोरींनी माघार घेतली, आणि त्या मुलाचं कौतुक केलं.

मी हा प्रसंग किती वेळा पाहिला असेल, सांगता येणार नाही. 'चांगलं वागणं' म्हणजे सांगितलेलं ऐकणं, असं आपण इतकं गृहीत धरलेलं असतं, की शिक्षकाला शांतपणे, कारण देऊन, मित्रासाठी विरोध करणारं मूल आपल्या यादीत बसतच नाही. आमच्या फळ्यावर त्याचं नाव आधी लागलं असतं, तीन फुल्यांसकट. कानामोरींनी मुलांना दुसऱ्याचं दुःख ऐकायला शिकवलं होतं. ते शिक्षण खरंच पोचलं आहे याचा पुरावा त्यांना त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या मुलाने दिला. आणि चमू वर्षभर तिथे बसून होता, म्हणून तो पुरावा आपल्यापर्यंत आला.

अशा फिल्म करताना एक जबाबदारीही येते. फिलिबेर यांची फिल्म फ्रान्समध्ये तुफान चालली, आणि मग लोपेझ यांनी नफ्यातला वाटा मागत न्यायालयात दावा लावला. तो फेटाळला गेला. निकाल काहीही असो, कॅमेरा निघून गेल्यावर वर्गातल्या माणसांच्या पदरात काय पडतं, हा प्रश्न राहतोच. मुलांच्या बाबतीत तो अधिक मोठा आहे. रडणाऱ्या पोराचा फोनवर काढलेला व्हिडिओ आज सकाळी शाळेत आणि दुपारी गावभर असतो. ते पोर मोठं होईल, तरी तो व्हिडिओ राहील. आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे. कायदा हा झाला तळाचा दगड. त्यावर आपल्या शहाणपणाने एक गोष्ट ठेवावी. फिल्म पुरी झाली की पहिला खेळ मुलांसाठी करायचा, आणि 'हे नको' असं एखादं मूल म्हणालं तर ते काढून टाकायचं.

शिक्षक असाल, डी.एल.एड. करत असाल, किंवा शाळेच्या गॅदरिंगचं चित्रीकरण करून देणारे गावातले तरुण असाल, तर अशी फिल्म तुम्ही करू शकता. महागडा कॅमेरा लागत नाही. फोन चालेल, कॉलरला लावायचा मायक्रोफोन आता स्वस्त मिळतो. फोन तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर धरू नका. आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, म्हणजे बाकांच्या ओळी डोंगरासारख्या दिसतील आणि बाई आभाळातून वाकल्यासारख्या. शालेय पोषण आहाराची रांग बघा. ताटं धुतली जातात तिथे बसा. मधल्या सुट्टीत एकटं उभं राहणारं मूल हेरा आणि त्याच्याजवळ कोण जातं त्याची वाट बघा. मुलाखती घेऊ नका, मुलांना भाषण करायला लावू नका. आधी दोन आठवडे मागच्या बाकावर नुसते बसा, आणि तेवढे दिवस फोन खिशातच राहू द्या.